म्हसळ्याचा मदरबोर्ड

आमच्या घरी सर्व्हर आला तो बोटीतून. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या वाहून आणणारी मोठी बोट असते. तिच्या पोटात आमची व्हॅन, व्हॅनमध्ये जुन्या गोधडीत गुंडाळलेला सर्व्हर, आणि वरच्या डेकवर वडापाव खात मी आणि नवरा. मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसनं तो मोडीत काढला होता. जुनी यंत्रं विकणाऱ्या एका गुजराती दुकानदाराकडून आम्ही तो घेतला. बोट किनाऱ्याला लागत आली तेव्हा नवऱ्यानं एकदम विचारलं, "खाऱ्या हवेनं गंजेल का गं तो?"

"चौलातच राहायचंय आता त्याला," मी म्हटलं. "सवय होईल."

आमचा धंदा लग्नांचा. नवरा शूटिंग करतो, मी एडिटिंग. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला तेव्हा असं काही करीन हे ध्यानीमनी नव्हतं. पण लग्न झालं ते कॅमेरावाल्याशी, आणि पहिल्याच सीझनला त्यानं टाकलेल्या फायलींचा ढिगारा बघून मी पदर खोचला. तेव्हापासून नवरा-नवरी, करवल्या, रुसलेले मामा, सगळे माझ्या हाताखालून जातात. रस्त्यात एखादी बाई भेटली की मला तिचं नाव आठवत नाही, पण ती कोणत्या गाण्यावर नाचली होती ते आठवतं.

सर्व्हर म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. लांबरुंद, चपटा, जेवायच्या पाटाहून मोठा आणि दोघांनी उचलावा इतका जड. त्याच्या पोटात एकाऐवजी दोन प्रोसेसर बसतात. एडिटिंग मी माझ्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर करायची. सर्व्हरचं काम शेवटचं. सगळे तुकडे, रंग, आवाज एकत्र करून पक्की फिल्म बाहेर काढायची, त्याला आम्ही रेंडर म्हणतो. पूर्वी सुपारी साठवायच्या खोलीत मी त्याची स्थापना केली आणि बटण दाबलं. त्याच्या पंख्यांनी असा आवाज काढला की वाडीत शिंपणं करणाऱ्या सासूबाई धावत आल्या. "अरे, पंप कोरडा फिरतोय बघा कोणाचा तरी!"

पंखे थोड्या वेळानं शांत झाले. सासूबाई झाल्या नाहीत. "घरात विमान आणलंय सुनेनं," असं त्या भाजीवालीपासून भटजींपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या.

त्याच सुमारास ते हळदीचं काम आलं. अलिबागेच्या वरच्या अंगाला खाडीकाठी एक आगरी कुटुंब आहे. पूर्वी मिठागरं करायचे, आता ट्रकचा धंदा आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग आमच्याकडे होतं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी असते हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. चार कॅमेरे, वर ड्रोन, बँजो, सगळं गाव मांडवात. लग्न पार पडलं आणि मुलीचे वडील स्वतः आमच्या घरी आले. अंगानं दणकट माणूस, गळ्यात जाड साखळी. पण खुर्चीत अगदी टोकावर बसले.

"मॅडम, कापाकापी करू नका. आख्खी हलद पायजे."

"शेठ, आख्खी कोण बघणार?"

"आमची आय बघंल," ते म्हणाले. "ती धवलारीन हाय. गावातल्या सगल्या पोरींच्या लगनांत धवले तिनंच गायलं. अन नातीची हलद आली तं ही पडली मोरीत. मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात पडून हाय. ती घरी आली का तिला पयल्यापासून शेवटपरीन दावायची."

धवले म्हणजे लग्नाच्या एकेका विधीला गायची गाणी. ती तोंडपाठ असलेल्या बायका आता गावोगावी थोड्याच उरल्यात. दुसऱ्यांच्या लेकींसाठी जन्मभर गायलेली बाई नातीच्या हळदीला पलंगावर पडून होती, हे ऐकल्यावर मी नाही म्हणूच शकले नाही.

पण आख्खी हळद रेंडर करणं म्हणजे सर्व्हरला तासन्‌तास जुंपणं. आणि आमच्याकडची वीज तर तुम्हाला माहीतच असेल. नसेल तर सुखी आहात. फिल्म निम्म्यावर यायची आणि वीज जायची. इन्व्हर्टर त्या धुडाला थोडा वेळ पेलायचा आणि मान टाकायचा. पुन्हा पहिल्यापासून. तुकडे करून काढलं, तरी एखादी दुरुस्ती निघाली की सगळं परत करावं लागे. दोन वीजकपातींच्या मधल्या वेळात काम उरकेल असं वेगवान यंत्र हवं होतं. नवा सर्व्हर घेणं शक्य नव्हतं. उपाय एकच होता, जुने प्रोसेसर काढून त्या जागी जास्त ताकदीचे बसवायचे. माहिती वाचली, दुकानदाराला फोन केला आणि प्रोसेसरची जोडी मागवली.

पार्सल आलं. नवरा चहाचा कप घेऊन बघायला उभा राहिला. मी जुन्यांवरची पांढरी पेस्ट पुसली, ते उचलून बाजूला ठेवले आणि नवा एक सॉकेटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, अलगद टेकवला. बसेना. फिरवून बघितला. बसेना. आकार तोच, रंग तोच, नाव तेच. फक्त नावाच्या शेवटी एक आकडा वेगळा होता. आणि कडेच्या खाचा केसभर सरकलेल्या होत्या.

"जरा दाब की," नवरा म्हणाला.

"कुकरचं झाकण आहे का ते?"

"तसं नाही गं, पण एवढंसं तर..."

मी त्याला खोलीबाहेर काढलं. सॉकेटमध्ये सोन्याच्या केसांसारख्या पिनांची दाटी असते. त्यातली एक वाकली तरी कारभार आटोपला. दुकानदाराला फोन केला तेव्हा तो हळहळला. "अरे बेन, ए तो पुढची पिढी निघाली. नाव सारखं, पण घर वेगळं. परत मोकलो, मी बदलून देतो." माणूस शब्दाला जागला. मधल्या पिढीची जोडी त्यानं पाठवली, आणि ती खाचेत अशी बसली की मला टाळी वाजवावीशी वाटली.

बटण दाबलं. पंखे गरजले. आणि गरजतच राहिले. स्क्रीन काळा.

मग मला शहाणपण सुचलं. यंत्र चालू होताच सगळ्यात आधी जागा होतो तो बायोस नावाचा प्रोग्राम. त्याला नव्या प्रोसेसरची ओळखच नसेल तर तो त्याला घरात घेणार कसा? म्हणून जुने परत बसवले, बायोस नवा केला, पुन्हा नवे बसवले. एव्हाना माझ्या बोटांना त्या पेस्टचा वास कायमचा लागला होता. सासूबाईंनी भाकरी थापायला हात लावू दिला नाही.

पुन्हा पंखे गरजले. पुन्हा स्क्रीन काळा.

मी चिडले नाही असं म्हणणार नाही. वाडीत जाऊन एका माडाला पाठ लावून बसले आणि फोनवर वाचत राहिले. जुन्या सर्व्हरच्या वेड्यांचा एक ग्रुप आहे, जगभरातून लोक तिथे आपापली रडगाणी गातात. त्यात एका माणसाचं माझ्यासारखंच रडगाणं सापडलं. आमच्या मॉडेलचे मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी, दोन खेपांत निघाले होते. पहिल्या खेपेच्या बोर्डात बायोसचा एक मूळचा तुकडा कायमचा कोरलेला आहे, तो कशानंच बदलत नाही. वरचं कितीही नवं करा, त्या तुकड्याला मधल्या पिढीचे प्रोसेसर कळत नाहीत. दुसऱ्या खेपेच्या बोर्डाला कळतात. मी आत येऊन बोर्डाच्या कोपऱ्यातला छापील क्रमांक बघितला. आमचा पहिल्या खेपेतला होता.

त्या ग्रुपवर मी इंग्रजीत प्रश्न टाकला, की दुसऱ्या खेपेचा बोर्ड कोणाकडे आहे का. जर्मनी, ब्राझील अशा उत्तरांची वाट बघत होते. उत्तर आलं मराठीत. "माझ्याकडे आहे. मुक्काम म्हसळा."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

फोनवरचे गृहस्थ बरीच वर्षं कुवेतला होते. परत आल्यावर म्हसळ्यात त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला, त्यासाठी हा सर्व्हर घेतला. एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि त्याचा पॉवर सप्लाय जळाला. क्लासही नंतर बंद झाला. "बोर्ड चांगला असेल असं मला वाटतं," ते म्हणाले. "पण मी जबान देत नाही हां बेटा. येऊन बघा. आणि जेवायला या, नुसतं बघायला नको."

आम्ही आमचा सर्व्हर परत गोधडीत गुंडाळून व्हॅनमध्ये घातला. त्याचा पॉवर सप्लाय मागून ड्रॉवरसारखा बाहेर येतो, तो त्यांच्या यंत्रात लावून बघायचा बेत होता. रेवदंड्याचा पूल, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला पोचलो. दिघीची बोट पलीकडच्या काठावर होती. ती येईपर्यंत नवऱ्यानं जेट्टीवर ताडगोळे घेतले. त्याला एकदम सुट्टीवर निघाल्यासारखं झालं होतं. मला वाटतं, मलाही. सीझन सुरू झाल्यापासून आम्ही दोघं मिळून कुठे गेलोच नव्हतो. गेलो ते दुसऱ्यांच्या लग्नांना.

"आपल्या लग्नाची फिल्म कुठाय गं?" बोटीवर त्यानं विचारलं.

"तू शूट करत होतास ना, नवरा असून. अर्धा वेळ कॅमेरा हाती. फिल्ममध्ये मी एकटीच उभी आहे."

म्हसळ्यात त्या गृहस्थांचं, म्हणजे चाचांचं, घर रस्त्याला लागूनच होतं. ते आणि त्यांची बायको, भाभी, दोघंही ओट्यावर उभे होते. चाचा उंच, पांढरी दाढी, चष्मा कपाळावर. भाभी ठेंगण्या आणि बोलायला घाईच्या. त्यांनी पहिलं विचारलं, "मशीन बघणार का जेवणार? आधी मशीन बघाल तर जेवणात लक्ष राहणार नाही, पण तुमची मर्जी." आमची मर्जी मशीनची होती. त्या मान हलवत आत गेल्या.

क्लासच्या जुन्या खोलीत टेबलावर त्यांचा सर्व्हर झाकून ठेवला होता, अगदी पाहुण्यांसाठी झाकलेल्या ताटासारखा. चाचांनी कापड काढलं. मी बोर्डाचा कोपरा बघितला. दुसरी खेप. आमचा पॉवर सप्लाय मागून सरकवला, बटण दाबलं, आणि पंख्यांचा सूर गरजून हळूहळू खाली आला. स्क्रीनवर अक्षरं उमटली. चाचा म्हणाले, "सुभानल्ला! मी याला मय्यत समजून बसलो होतो."

आता नव्या जोडीची पाळी. त्यांच्या यंत्रात पहिल्यापासून एकच प्रोसेसर होता, दुसरा सॉकेट इतकी वर्षं रिकामाच. मी दोन्ही नवे बसवले. पेस्ट लावली, झाकणं आवळली. माझ्यापेक्षा नवऱ्याचे श्वास जोरात ऐकू येत होते. बटण दाबलं. पंखे गरजले, गरजले, आणि खाली आले.

नवऱ्यानं चाचांना मिठीच मारली. मी मात्र स्क्रीन वाचत होते. तिथे एकच प्रोसेसर दिसत होता.

"एकच?" चाचा म्हणाले. "दुसरा कुठे गेला?"

दुसरा उघडला. चाचांच्या टेबलात भिंग होतं. त्यातून मी रिकाम्या राहिलेल्या त्या सॉकेटमधली पिनांची एकेक रांग बघत गेले आणि एका कोपऱ्यात थांबले. एक पिन शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. झाकण हरवलेल्या सॉकेटला कधीतरी काहीतरी लागलं असणार.

दोघा पुरुषांनी एकदम सल्ले द्यायला सुरुवात केली. चिमटा घ्या. नको, ब्लेडचं टोक घ्या. तेवढ्यात भाभी दारात आल्या, काय झालं ते विचारलं, भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं बाहेर बसा. तुमच्या सावलीनं उजेड अडतो." आणि त्यांनी भरतकामाची सर्वांत बारीक सुई आणून माझ्या हातात दिली.

"तुम्हीच करा ना भाभी. तुमचा हात बसलेला असेल," मी म्हटलं.

"हात बसलाय, पण डोळे उठले," त्या हसून म्हणाल्या. "मी दिवा धरते. तू आधी दोन घोट चहा घे."

मी चहा घेतला. त्यांनी मोबाईलचा उजेड तिरपा धरला, भिंग धरलं, आणि आपल्या सुनेबद्दल काहीतरी सांगायला लागल्या, की ती पुण्याला असते, व्हिडिओ कॉलवर पोराला दाखवते पण फोन सतत हलवते, म्हणून पोराचं नाकच तेवढं दिसतं. ऐकता ऐकता माझा हात कधी स्थिर झाला मला कळलंच नाही. सुईचं टोक पिनेखाली गेलं, अगदी हलकेच वर उचललं. ती उठली. थोडी जास्त उठली. पुन्हा अलगद खाली आणली. भाभींनी भिंगातून बघून निकाल दिला, "आता रांगेत आहे. शाळेतल्या पोरींसारखी."

या वेळी मी पुरुषांना आत बोलावलंच नाही. पंखे खाली आल्याचा आवाज ऐकून तेच धावत आले. स्क्रीनवर दोन प्रोसेसर होते. चाचांनी बोट ठेवून मोजले, जणू त्यातला एक पुन्हा पळून जाईल.

मग जेवलो. तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं सालन, नारळाच्या दुधातलं काहीतरी गोड, ज्याचं नाव विचारायचं राहून गेलं. पैशांचं बोलणं मी काढलं तर चाचांनी पाण्याचा तांब्याच माझ्यापुढे सरकवला. "तुझं मशीन इथे ठेव, माझं घेऊन जा. मला आता काय करायचंय वेगाचं? दुरुस्त करत बसायला खेळणं मिळेल." भाभींनी मात्र आतून एक पिशवी आणली. कुवेतला असताना हँडीकॅमवर काढलेल्या कॅसेट होत्या, मुलांच्या लहानपणीच्या. कॅमेरा कधीच मोडला होता. "यातलं काही निघतं का बघशील?" त्यांनी विचारलं. मी पिशवी मांडीवर घेऊनच व्हॅनमध्ये बसले.

चौलला परतल्यावर हळदीची फिल्म सकाळी रेंडरला लावली. सासूबाई अंगणात सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या, नवरा विजेच्या तारांकडे बघत येरझाऱ्या घालत होता. दुपारचं जेवण व्हायच्या आत फिल्म तयार झाली आणि वीज गेली ती त्यानंतर. नवऱ्यानं वीज मंडळाला उद्देशून नमस्कार केला.

शेठची आई घरी आली होती. ओटीवर खाट टाकली होती, समोर हा एवढा मोठा टीव्ही. सगळं घर भोवती जमलेलं, नात सासरहून आलेली, आजीच्या पायाशी बसलेली. म्हातारी लहानखुरी होती, पण नजर धारदार. फिल्म सुरू झाली. उष्टी हळद आली, बायका नाचल्या, शेठ स्वतः नाचले तेव्हा सगळे खदखदले, तरी ती उशीला टेकून नुसती बघत होती. मला वाटलं, थकली. शेठनं माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली.

मग फिल्ममध्ये बायका धवला गायला लागल्या. मध्येच त्या अडखळल्या, एकमेकींकडे बघून हसल्या आणि पुढच्याच ओळीवर गेल्या. एडिट करताना ते मला कळलंही नव्हतं.

"बंद कर त्या," म्हातारी म्हणाली.

शेठनं घाबरून रिमोट दाबला. म्हातारीनं घसा खाकरला, एक हात नातीच्या डोक्यावर ठेवला आणि सुटलेल्या ओळी गायल्या. आवाज बारीक, कापरा. पण कुठे शोधावं लागलं नाही तिला. ओळीमागून ओळ आली, देवाला आवतण गेलं, मांडवाला गेलं, हळदीला गेलं. नात रडायला लागली. तिच्यामागे सगळ्या बायका. शेठ उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गाणं संपलं तशी म्हातारी म्हणाली, "आता लाव. येवरं न्हाय झालं तं हलद लागंल कशी पोरीला?"

नवऱ्यानं कॅमेरा सुरू केला होता ते मला नंतर समजलं. त्याच आठवड्यात मी तिचा आवाज आणि चेहरा त्या जागी जोडला आणि फिल्म पुन्हा काढली. नव्या फिल्ममध्ये बायका अडखळतात आणि तिथे आजी येते.

ती पाठवली, आणि दुसऱ्याच दिवशी शेठचा फोन आला.

"मॅडम, आयला फिलम पसंद हाय," ते म्हणाले. "पन ती बोलतंय, माझं केस इस्कटलेलं दिसतान. परत काढा."

आम्ही गेलो. म्हातारी तयार होऊन बसली होती. हिरवं लुगडं, नाकात नथ, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. नवरा कॅमेरा लावत असताना तिनं त्याला दोनदा हलवलं, उजेडाला आड येतोस म्हणून. सगळं मनासारखं झाल्यावर तिनं मला खाटेवर शेजारी बसायला सांगितलं.

"तूपन शिक गो," ती म्हणाली. "नुसती दुसऱ्यांची लगनं बघतंस. माझ्यामागून म्हन."

मी म्हटलं. माझा सूर कुठच्या कुठे गेला, आणि खाटेभोवतीच्या सगळ्या बायका खो खो हसल्या. म्हातारी मात्र हसली नाही. तिनं माझ्या मांडीवर थाप दिली आणि तीच ओळ पुन्हा सुरू केली, या वेळी सावकाश.